धातूचा पाय, धातूचा देह : विश्पला ते कुसानागी

रांजणगावच्या महागणपतीच्या आख्यायिकेत त्रिपुरासुराची सोने, रुपे व लोखंडाची तीन नगरे येतात. तेथे धातू तटबंदीसाठी आहे. लढणाऱ्या स्त्रीच्या देहालाच धातू जोडल्याची कथा याहून जुनी असून ती ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ११६ व्या सूक्तात आढळते. खेलाच्या संग्रामात विश्पलेचा पाय तुटला. अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसविला. खेल हा राजा व अगस्त्य त्याचा पुरोहित, हा तपशील सायणभाष्यातील होय. हे भाष्य पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ ते १९५१ या काळात प्रकाशित केले.

'लोखंडी पाय' हे भाषांतर रूढ असले, तरी ऋग्वेदातील 'अयस्' म्हणजे लोखंडच असे म्हणता येत नाही. तांबे वा कासेही संभवते. जर्मन पंडित पिशेल यांनी तर विश्पलेस शर्यतीची घोडी मानले. हे मत सर्वमान्य झाले नाही.

जपानी चित्रकथाकार मासामुने शिरो यांनी १९८९ मध्ये 'घोस्ट इन द शेल'मधून मोतोको कुसानागी ही यंत्रदेही अधिकारी उभी केली. मामोरू ओशी यांच्या १९९५ च्या चित्रपटात तिचा देह शासनाचा आहे; नोकरी सोडल्यास तो, काही स्मृतींसह, परत करावा लागणार. विश्पलेच्या पायास अशी अट सूक्तात दिसत नाही. अखेरच्या भागात रणगाड्याचे झाकण उचकटताना कुसानागीचे हात तिच्याच जोराने तुटतात. पुढे तिला मिळतो तो लहान मुलीचा देह, तोही सहकारी बातो याने काळ्या बाजारातून आणलेला.