लिव्हरपूलच्या गाठी, कोबेच्या गाठी

1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर राहिले. वऱ्हाडातल्या एका बाजारगावासाठी एवढा मान कशाला, याचं उत्तर कापसात आहे. अवघ्या दहा वर्षांपूर्वी लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या रुईपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेतून येत होती. 1861 मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्या थंड पडू लागल्या. मग लिव्हरपूलच्या दलालांना हिंदुस्थानी कापूस आठवला. मुंबईत सोन्याचा धूर निघाला, शेअरबाजार पिसाळला. 1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण गेले, ती बातमी आली आणि प्रेमचंद रायचंदांसारखे धनकोही त्या पडझडीत सापडले.

हा इतिहास मुंबईकरांना पाठ आहे. पण तो 1865 ला थांबवणं मला चुकीचं वाटतं, कारण खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: त्या कापसाचं पुढे काय झालं?

इंग्लंडने पाठ फिरवली. झटक्यात नव्हे, पण अमेरिकन कापूस पुन्हा येऊ लागला तशी इंग्लंडला जाणारी आपली निर्यात ओसरत गेली. आपल्या कापसाचा धागा आखूड, त्यात पाला, माती आणि सरकीची भेसळ. लँकेशायरच्या गिरण्या बारीक सुतासाठी उभारलेल्या, तिथले कामगार या रुईने त्रासून गेले होते. यावर राज्यकर्त्यांचा उपाय एकच होता, आपला कापूस बदलायचा. भेसळीविरुद्ध 1863 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा आला, अमेरिकन बियाण्याचे प्रयोग झाले, मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर नेमला गेला. धारवाडकडे अमेरिकन वाण रुजलाही. वऱ्हाडच्या काळ्या, पावसावर अवलंबून असलेल्या जमिनीत मात्र तो तगला नाही.

सुवेझ कालवा 1869 मध्ये खुला झाल्यावर युरोपातल्या इतर देशांनी आपला बराच माल उचलला. तरीही ज्याने आपलं नशीब बदललं तो ग्राहक पूर्वेकडून आला.

जपानमध्ये शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने ओसाकाची मोठी सूतगिरणी 1883 मध्ये सुरू झाली. आधी देशी आणि चिनी कापूस वापरून पाहिला, पण वाढत्या गिरण्यांना तो पुरेना. मग नजर मुंबईकडे वळली. अडचण जहाजभाड्याची होती. पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि तिच्या साथीदारांनी मुंबई-जपान मार्ग मुठीत धरून दर चढे ठेवले होते. 1893 मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावांना भेटले, आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने मुंबईची फेरी सुरू केली. पी अँड ओने दर पाडून ती बुडवायचा प्रयत्न केला. जपानी गिरण्या एकजुटीने आपल्याच जहाजांना माल देत राहिल्या. 1896 मध्ये जपानने कच्च्या कापसावरची आयात जकातच काढून टाकली.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते गिरणीच्या आत घडलेलं. जपानी कारागिरांनी वेगवेगळ्या जातींची रुई मोजून-मापून मिसळण्याची कला विकसित केली. स्वस्त हिंदुस्थानी आखूड धागा आणि थोडा लांब अमेरिकन धागा यांच्या मिश्रणातून त्यांनी जाडंभरडं पण चांगलं खपणारं सूत काढलं. वऱ्हाडचा शेतकरी जे पिकवत होता, त्याला बसेल अशी गिरणी त्यांनी घडवली. निप्पॉन मेन्का, टोयो मेन्का, गोशो या कंपन्यांचे खरेदीदार मुंबईच्या बाजारात तर होतेच, पुढे वऱ्हाड-खानदेशातही पोहोचले.

1920 च्या दशकात आपल्या कच्च्या कापसाच्या निर्यातीपैकी जवळपास निम्मा माल जपानला जात होता. इंग्लंडचा वाटा दहाव्या हिश्श्याच्याही आत होता. या मागणीची किंमत जमिनीनेही मोजली. हिंगणघाटचा बारीक, लांब धाग्याचा बनी कापूस मागे पडला आणि आखूड धाग्याची, पण जास्त रुई देणारी जात शिवारं व्यापत गेली. शेतकऱ्याचा हिशेब चोख होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका 1933 मध्ये दिसला. जपानी कापडावर हिंदुस्थान सरकारने 75 टक्के जकात बसवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकला. मुंबईच्या गिरणीमालकांना जकात हवी होती आणि शेतकऱ्याला जपानी गिऱ्हाईक. 1934 च्या हिंदुस्थान-जपान करारात जपानला जास्तीत जास्त 40 कोटी वार कापड विकण्याची मुभा मिळाली, पण त्यासाठी 15 लाख गाठी उचलण्याची अट होती. मुंबईच्या गिरणीमालकांचे प्रतिनिधी होमी मोदी आणि लँकेशायरचे क्लेअर-लीस यांच्यातल्या समझोत्यात आपला कापूस जास्त घेण्याचं आश्वासन इंग्लंडकडूनही मिळालं, पण जपानची जागा इंग्लंड भरून काढू शकलं नाही.

1941 च्या जुलैमध्ये जपानची मालमत्ता गोठवली गेली आणि हा व्यापार बंद पडला. आखूड धाग्याच्या कापसाला वाली उरला नाही. 1942 मध्ये त्या उत्पादकांना आधार देण्यासाठी सरकारला निधी उभारावा लागला, आणि त्याचा पैसा आला परदेशी कापसावर बसवलेल्या जादा जकातीतून.