अद्भुत कथेंतील नवखा नायक

अद्भुत कथा रचणाऱ्या लेखकापुढें आरंभींच एक अडचण उभी राहते. जें जग त्यानें कल्पनेनें निर्माण केलें, तेथील राजे, मंत्र, अरण्यें, शाप आणि उःशाप यांची वाचकाला कांहींच ओळख नसते. ती करून देण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या जगांत नुकताच पाऊल टाकणारा, भोळाभाबडा नायक. तो प्रश्न विचारतो, दुसरा कोणी उत्तर देतो, आणि वाचक शेजारीं उभा राहून तें ऐकून घेतो. १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कथेंतील अॅलिस सशामागून बिळांत उतरली ती अशीच. १९३७ सालीं टोल्कीनचा बिल्बो आपलें उबदार घर सोडून निघाला तोही असाच, आणि १९९७ सालापासून साऱ्या जगांतील मुलांना ठाऊक झालेला हॅरी पॉटरही याच पंक्तीचा. परंतु युक्ति जितकी सोपी तितकीच ती झिजतेही लवकर. असा नायक ही केवळ लेखकाच्या माहितीची खुंटी होय, असें एक पक्ष म्हणतो. त्याच्यावांचून त्या जगाचें दारच वाचकाला उघडत नाहीं, असें दुसरा पक्ष म्हणतो. निर्णय कसा करावा?

या वादाला जुना आणि भरंवशाचा साक्षीदार हवा असेल, तर तो वऱ्हाडांतील वाशीम येथें सांपडतो. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा काढलेला वाशीम जिल्हा नव्या काळाचा असला, तरी वाशीम नगर फार प्राचीन आहे. त्याचें जुनें नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ सालीं वाशीम येथेंच दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या संशोधनानें या शाखेचा इतिहास नीट जुळला. तिचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः कवि होता. त्याचें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य आज लुप्त आहे. इतर ग्रंथकारांनीं उद्धृत केलेले त्याचे कांहीं अंश तेवढे उरले आहेत. याच शाखेंतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें. काव्यांतील वैदर्भी रीतीला प्राकृतांत ‘वच्छोमी’ हें जें नांव मिळालें, तेंही वत्सगुल्मावरूनच.

अशा नगराशीं एका नवख्या नायकाची कथा निगडित असावी, यांत नवल नाहीं. ती कथा राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’च्या तिसऱ्या अध्यायांत आहे. राजशेखर दहाव्या शतकाच्या आरंभीं कनोजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयास होता. तथापि त्याचें यायावर कुल मूळचें महाराष्ट्रांतलें. त्याचा हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून छापला गेला.

कथा अशी आहे. पुत्राच्या इच्छेनें सरस्वतीनें हिमालयावर तप केलें आणि ब्रह्मदेवाच्या वरानें तिला काव्यपुरुष हा पुत्र झाला. जन्मतांच तो छंदोबद्ध वाणींत बोलूं लागला. वाचेची देवता असूनही आपण पुत्राकडून हरलों, याचा मातेला आनंदच झाला. परंतु पद्य बोलतां आलें म्हणजे जग कळलें असें नव्हे. एके दिवशीं ब्रह्मदेवाच्या सभेंत वेदाविषयीं वाद निघाला आणि निवाड्यासाठीं सरस्वतीला बोलावणें आलें. मुलगा मागोमाग निघाला. आज्ञेवांचून ब्रह्मलोकीं जाणें तुझ्या हिताचें नाहीं, असें सांगून आईनें त्याला परत फिरविलें. तो रागावला आणि घर सोडून चालूं लागला. त्याचा मित्र कुमार कार्तिकेय रडूं लागला, तेव्हां गौरीनें विचार केला कीं, प्राण्यांना प्रेमासारखें दुसरें बंधन नाहीं. आणि तिनें साहित्यविद्यावधू निर्माण करून रुसलेल्या काव्यपुरुषाच्या मागें पाठविली.

यापुढें प्रवास आहे. प्रथम तीं दोघें पूर्वेकडे, अंग-वंगादि देशांत गेलीं. मग पांचालांत, मग अवंतींत, आणि शेवटीं दक्षिणेंत. प्रत्येक देशांत वधूनें जो वेष केला तो तेथील स्त्रियांनीं उचलला, पुरुषांनीं काव्यपुरुषाचा उचलला, आणि ज्या त्या देशाची वेषाची, नृत्याची व वाणीची पद्धत ठरून गेली. पूर्वेकडे त्याचें मन तिच्यावर बसलें नव्हतें. तेथें तो लांब समासांनीं आणि अनुप्रासांनीं जड झालेली भाषा बोलला. ती गौडी रीति. पांचालांत तो थोडा वळला, समास आंखुडले, अनुप्रास कमी झाले, ती पांचाली. दक्षिणेंत तो पूर्णपणें तिचा झाला, आणि त्याच्या तोंडीं समासरहित, सरळ व मधुर वाणी आली, ती वैदर्भी. मग विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत, ज्याला राजशेखर मदनाचें क्रीडास्थान म्हणतो, दोघांचा गांधर्व विवाह झाला. परतल्यावर गौरी आणि सरस्वती या दोन विहिणींनीं त्यांना कवींच्या मनांत वास करण्याचा आशीर्वाद दिला.

या कथेंतील एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. सारा देश नायकाला नवा आहे, पण ‘हा अमुक देश, येथील रीत अशी’ असें त्याच्यापुढें कोणीही व्याख्यान देत नाहीं. तो कोठवर आला हें श्रोत्याला त्याच्या बोलण्यावरून समजतें. अज्ञान ही येथें माहिती ओतण्याची रिकामी घागर नाहीं. तें पायरीपायरीनें उणें होणारें, आणि उणें होतांना नायकाला बदलणारें आहे. शिवाय रागाचे, रुसव्याचे आणि एकटेपणाचे चटके त्याचे त्यालाच सोसावे लागतात. घर सोडणारा तोच, आणि वाणीचा ताठा टाकून देणाराही तोच.

आतां त्याच विदर्भाची दुसरी कथा पाहूं. दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’चा आठवा उच्छ्वास विश्रुत नांवाच्या कुमाराच्या तोंडीं आहे. तींत विदर्भाचा तरुण राजा अनंतवर्मा येतो. तो बुद्धिमान आहे, कलाकुशल आहे. पण दंडनीतीविषयीं कोरा आहे. वसुरक्षित नांवाचा वृद्ध मंत्री त्याला समजावतो, आणि विहारभद्र नांवाचा खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची थट्टा करून तो उडवून लावतो. अश्मकाचा राजा वसंतभानु ही संधि हेरतो. त्याचा माणूस दरबारांत शिरून शिकार, द्यूत आणि मद्य यांचे गुण शास्त्राच्या थाटांत गातो. राजाला तें पटतें, प्रजा त्याचेंच अनुकरण करते, आणि शेवटीं वनवासीच्या राजाची स्वारी व मांडलिकांचा विश्वासघात यांत अनंतवर्म्याचा अंत होतो. या कथेंत वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या अस्ताचें प्रतिबिंब असावें, असें मिराशींसारख्या विद्वानांचें अनुमान आहे. दण्डीनें वत्सगुल्माचें नांव घेतलेलें नाहीं. परंतु हरिषेणानंतर हें वैभव झपाट्यानें मावळलें, एवढें इतिहास सांगतो.

अनंतवर्माही एका अर्थीं नवखाच. राज्य त्याच्या हातीं नवें आहे, आणि जो जें सांगेल तें त्याला खरें वाटतें. मग काव्यपुरुषाविषयीं जें कौतुक वाटतें तें त्याच्याविषयीं कां वाटत नाहीं? कारण त्याच्या भोळेपणाचें देणें दुसऱ्यांना फेडावें लागतें. राणी वसुंधरा, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा यांना देशोधडीला लागावें लागतें. ज्याच्या अज्ञानाचा दंड दुसरा भरतो आणि जो स्वतः शेवटपर्यंत कांहींच शिकत नाहीं, तो कथेचें निमित्त होऊं शकतो. नायक होऊं शकत नाहीं.

त्या आठ वर्षांच्या भास्करवर्म्यालाही दण्डीनें नायक केलें नाहीं. विंध्याच्या रानांत भुकेनें आणि तहानेनें व्याकुळ झालेला हा राजपुत्र एका विहिरीजवळ उभा असतो. सोबतचा म्हातारा सेवक पाणी काढतांना विहिरींत पडलेला असतो. मूल निरागस आहे, त्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याचें राज्य गेलें आहे; आजचा एखादा लेखक येथूनच त्याच्या सात भागांच्या कथेला आरंभ करील. दण्डीनें मात्र सूत्रें विश्रुताच्या हातीं दिलीं, कारण आठ वर्षांच्या मुलानें कपटी राजांवर डाव उलटविणें त्याला खरें वाटलें नसावें. विश्रुत जग ओळखून आहे. देवीच्या मूर्तीखालीं भुयार करून तो मुलासह तेथून प्रकट होतो, आणि देवीनेंच हा राजपुत्र परत दिला अशी लोकांची खात्री पटवितो. भोळेपणानें बुडालेलें राज्य लोकांच्या भोळेपणाच्याच आधारानें परत उभारलें जाऊं लागतें, ही दण्डीची तिरकस नजर मोठी मार्मिक आहे.

राहिला प्रश्न मालिकेचा. नवखा नायक पहिल्या भागांत शिकतो. मग दुसऱ्या भागांत तो नवखा कसा राहणार? राजशेखरानें विवाहापाशीं प्रवास थांबवून हा प्रश्न मिटविला. दण्डीनें सांगणाराच बदलत ठेवला. प्रत्येक कुमार आपली हकीकत सांगतो आणि राजवाहन ऐकतो, म्हणजे नवखेपण श्रोत्याच्या वांट्याला येतें. टोल्कीननें १९५४-५५ सालच्या आपल्या मोठ्या कथेंत शहाण्या झालेल्या बिल्बोला बाजूला बसवून फ्रोडोला वाटेला लावलें. हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत, १९९७ पासून २००७ पर्यंत, नायक प्रत्येक वेळीं एका वर्षानें वाढतो आणि त्याच्या अज्ञानाचें स्वरूपही त्याच्याबरोबर मोठें होत जातें. आणि नायक मुळींच नवखा नसला तरी मालिका चालते, याची साक्ष वेताळपंचविशी देते. तेथील राजाला उत्तरें येतात हीच त्याची अडचण. उत्तर दिलें कीं प्रेत पुन्हा झाडावर. शेवटच्या कोड्याचें उत्तर त्याला सुचत नाहीं, तो गप्प राहतो, आणि तेव्हांच त्याची येरझार संपते.

तेव्हां नवखा नायक चांगला कीं वाईट, हा प्रश्न तसाच विचारून निर्णय होणार नाहीं. दोन गोष्टी पाहाव्या लागतात. त्याचें न कळणें त्याला पुढें नेतें कीं तेथेंच बसवून ठेवतें, ही पहिली. आणि त्या न कळण्याचा भुर्दंड कोणावर पडतो, ही दुसरी. या कसोटीला काव्यपुरुष उतरतो, अनंतवर्मा उतरत नाहीं. वत्सगुल्मचें राज्य तर दीड हजार वर्षांमागेंच लयाला गेलें, आणि सर्वसेनाचें काव्यही हरवलें. पण आईवर रुसून घराबाहेर पडलेला एक मुलगा देश पाहत पाहत वऱ्हाडांत आला आणि येथें पोंचेपर्यंत त्याची भाषा सोपी होत गेली, ही कथा अद्यापि टिकून आहे.