महानिर्वाण (नाटक)

महानिर्वाण हे सतीश आळेकर (जन्म १९४९) यांनी लिहिलेले व दिग्दर्शित केलेले मराठी नाटक आहे. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने त्याचा पहिला प्रयोग २२ नोव्हेंबर १९७४ रोजी भरत नाट्य मंदिरात सादर केला. मरणानंतरही घरातून न हलणारा बाप, त्याची विधवा आणि मुलगा यांच्यातील ताण हा या नाटकाचा विषय आहे. त्याची गणना सामान्यतः ब्लॅक कॉमेडीत होते. तथापि कुटुंबकथेतील जादुई वास्तववादाच्या अंगानेही ते वाचता येते.

कथानक

चाळीत राहणारे भाऊराव मरण पावतात, पण गप्प होत नाहीत. आपले दहन जुन्या स्मशानातच व्हावे असा त्यांचा हट्ट आहे आणि ते स्मशान तर बंद झालेले आहे. ही इच्छा पुरी करण्याचा भार मुलगा नाना याच्यावर पडतो. जिवंतपणी बापलेकांत जो संवाद सहसा होत नाही, तो येथे एक पक्ष मेल्यावर सुरू होतो. दुसरीकडे पत्नी रमा शोक करीत असतानाच तिरडीला आलेल्या माणसांपैकी ‘उजवीकडून तिसरा’ याच्याकडे ओढली जाते. तिला धड नावही नसलेला पुरुष आवडावा, यातील विनोद बोचरा आहे. परंतु नाटककार तिला दोषी ठरवीत नाही, आणि नाटकाचे खरे बळ येथेच आहे. मृताच्या इच्छेला विधी, शेजार व मुलगा असे सारेच मान देतात. विधवेच्या इच्छेला मात्र कोठेच जागा नसते.

स्वरूप

‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा जर्मन समीक्षक फ्रांझ रो याने १९२५ मध्ये चित्रकलेसंदर्भात वापरली. पुढे ती लॅटिन अमेरिकी कथात्म साहित्याशी जोडली गेली. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ (१९६७) या कादंबरीत खून झालेल्या माणसाचे भूत जखम धुण्यासाठी घरात पाणी शोधत फिरते आणि घरची बाई त्याच्यासाठी पाण्याची भांडी ठेवते. अद्भुताला असे घरगुती करून टाकणे आळेकरांकडेही आढळते. साधन मात्र येथले आहे. भाऊराव कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्याच मरणाचे आख्यान लावतात. देवाधर्माच्या कथा ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना त्यामुळे प्रेताचे बोलणे खटकत नाही.

प्रयोग व अनुवाद

नाटकाचे चारशेहून अधिक प्रयोग झाले. पंचविसाव्या वर्षी, १९९९ मध्ये, बहुतांश मूळ नटसंचासह ते पुन्हा रंगमंचावर आले. गौरी देशपांडे यांनी ‘द ड्रेड डिपार्चर’ या नावाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे.