शस्त्र खाली ठेवल्यानंतर : स्त्री-सैनिकांच्या उत्तरायुष्याचा विचार

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जणांनी देह ठेवला. ते पालघर, सातपाटी, मुरबे, नांदगाव आणि सालवड या गावांचे होते. सातपाटी-मुरब्याच्या खाडीपासून बोईसर-तारापूरच्या पट्ट्यापर्यंतचा हा मुलूख त्या पाच नावांनी आजही आपले १९४२ साल ओळखतो. ही पाचही नावे पुरुषांची आहेत, यात नवल नाही. हौतात्म्याची नोंद मृत्यूच्या क्षणी होते व तो क्षण सर्वांसमोर घडलेला असतो. परंतु जो लढला आणि जगला, त्याची नोंद कशी व्हावी? आणि लढणारी व्यक्ती स्त्री असेल तर तिच्या पुढील पन्नास-साठ वर्षांच्या आयुष्याकडे इतिहासकाराने कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार तीन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

पहिले उदाहरण सातारा-सांगली भागातील प्रतिसरकारचे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या सत्तेचे लष्करी अंग म्हणजे तुफान सेना. नानांची कन्या हौसाताई पाटील (१९२६-२०२१) या लढ्यात प्रत्यक्ष उतरल्या होत्या. त्यांनी स्वतः सांगितलेला भवानीनगर येथील प्रसंग बोलका आहे. पोलीस ठाण्याबाहेर नवरा-बायकोच्या भांडणाचा देखावा उभा करण्यात आला. नवऱ्याची भूमिका करणाऱ्या सहकाऱ्याने त्यांना खरोखरच मारले. भांडण सोडविण्यास पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात इतर साथीदारांनी ठाण्यातील बंदुका लांबविल्या. हा डाव साधला तो स्त्रीला मार बसणे ही त्या काळी नित्याची बाब होती म्हणूनच. त्या दिवशी ठाण्याच्या दप्तरात कोणी काही टिपले असेल तर ते बंदुका गेल्याचे. मार खाणाऱ्या स्त्रीने त्या वेळी सैनिकाचे काम केले, हे तेथे उमटणे शक्यच नव्हते. गोव्यातील तुरुंगातून एका सहकाऱ्याच्या सुटकेसाठी त्या तेथवर गेल्या आणि परतताना रात्री मांडवी नदी त्यांनी एका पेटीच्या आधाराने पार केली. असे काम जितके यशस्वी होते, तितके ते पुराव्यावाचून राहते.

पुढे केंद्र सरकारने १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना आखली. तिच्यात कारावासाची किमान मुदत सहा महिने, तर स्त्रियांसाठी तीन महिने ठेवण्यात आली. भूमिगत कार्यही मान्य झाले. मात्र त्यासाठी फरारी म्हणून घोषणा, पकडून देण्याबद्दल बक्षीस किंवा बजावता न आलेला स्थानबद्धतेचा हुकूम, यांपैकी काहीतरी दाखवावे लागे. स्त्रियांना दिलेली सवलत उदार होती, यात शंका नाही. परंतु तिचे माप कारावासाचे होते. निरोप पोहोचविणे, हत्यारे लपविणे, भूमिगतांना जेवू घालणे आणि तरीही पकडले न जाणे, हे ज्या स्त्रियांचे कौशल्य होते, त्यांचे यश या मापाने अपात्रतेत जमा झाले. शत्रूच्या दप्तरात नाव लागले तर सैनिक, न लागले तर घरची बाई, असा हा विचित्र न्याय होय. हौसाताईंचे सार्वजनिक जीवन मात्र दप्तरावर थांबले नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात शेतकऱ्यांचा मोर्चा दिल्लीस गेला, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या या वृद्धेने त्यांच्या मागणीस जाहीर पाठिंबा दिला.

दुसरे उदाहरण आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पथकाचे. एका मराठी राणीचे नाव घेतलेल्या या पथकाची छावणी २२ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे सुरू झाली. तीत भरती झालेल्या बहुसंख्य तरुणी मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतील होत्या. पथकाच्या प्रमुख डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन मद्रास येथे वैद्यक शिकून १९४० साली सिंगापुरास गेल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर आझाद हिंदच्या सैनिकांना भारतीय सैन्यात परत घेण्यात आले नाही. म्हणजे या स्त्रियांची सैनिकी सेवा जेथे संपली तेथेच कायमची संपली. असे असता १९४७ साली विवाहानंतर कानपुरास स्थायिक झालेल्या लक्ष्मी सहगल यांनी प्रथम फाळणीच्या निर्वासितांची शुश्रूषा केली. नंतर त्यांनी गरिबांसाठी दवाखाना अनेक दशके चालविला, १९७१ साली बंगालमध्ये निर्वासितांच्या छावण्यांत काम केले, त्याच सुमारास त्या राज्यसभेवर गेल्या आणि १९८१ साली अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. या संघटनेच्या उभारणीत महाराष्ट्रातील अहिल्या रांगणेकर त्यांच्या सहकारी होत्या. मलायात राहिलेल्या सहकाऱ्यांची वाटही अशीच गेली. जानकी तेवर १९४६ साली मलायन इंडियन काँग्रेसच्या संस्थापकांत होत्या. रसम्मा भूपालन यांनी शिक्षिकांची संघटना उभारून समान वेतनासाठी झगडा दिला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पथकात जे हाताशी आले, म्हणजे शुश्रूषा, शिस्त आणि परक्या माणसांना एकत्र बांधण्याची हातोटी, तेच पुढे उपयोगी पडले. बंदूक चालविण्याचे शिक्षण कोणासही लागले नाही.

तिसरे उदाहरण नियमित सेनेचे. १९५० च्या सेना अधिनियमाच्या १२ व्या कलमाने, सरकारने अधिसूचित केलेल्या शाखा वगळता, स्त्रियांस सैन्यप्रवेश नाकारला. वैद्यकीय सेवेचे दार तेवढे आधीच उघडे होते. १९९२ साली इतर काही शाखांत स्त्री-अधिकारी घेण्यास प्रारंभ झाला, तोही प्रथम पाच वर्षांपुरता. ही मुदत पुढे १४ वर्षांपर्यंत वाढली. अधिकाऱ्यास निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची सेवा लागते. तेव्हा ऐन चाळिशीच्या आसपास, पदाचा अनुभव गाठीशी पण निवृत्तिवेतन नाही, अशा स्थितीत अनेक स्त्रिया बाहेर पडल्या. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम नियुक्तीचा त्यांचा हक्क मान्य केला. वैद्यकीय शाखेतील स्त्रियांची गोष्ट निराळी. १९८२ साली सेवेत आलेल्या डॉ. माधुरी कानिटकर फेब्रुवारी २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि निवृत्तीनंतर २०२१ साली नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची नेमणूक झाली. येथे सेवा आणि उत्तरायुष्य यांच्यामध्ये खंड पडला नाही, कारण दार पूर्ण उघडे होते.

तिन्ही उदाहरणे एकत्र पाहिली असता एक निष्कर्ष निघतो. सेवेनंतरचे लोकनेतृत्व सेवेत हाती आलेल्या कामावर उभे राहते. त्याची नोंद मात्र सेवेने दिलेल्या कागदावर अवलंबून असते. कानिटकरांना काम आणि कागद दोन्ही मिळाले, लक्ष्मी सहगल यांना कागदाची उणीव कीर्तीने भरून निघाली; ज्यांना कीर्तीही नव्हती, त्यांचे काम गावात राहिले आणि इतिहासातून गेले. यावर असा आक्षेप येईल की, पुराव्यावाचून इतिहास लिहिता येत नाही. आक्षेप योग्य आहे. परंतु पुरावा म्हणजे केवळ सरकारी दप्तर नव्हे. कोणाच्या घरी भूमिगत राहत, निरोप कोण नेत असे आणि पुढे गावातील शाळेसाठी, पाण्यासाठी, दारूबंदीसाठी पुढाकार कोणी घेतला, हे प्रश्न एकाच स्त्रीविषयी, एकामागून एक विचारले म्हणजे दोन्ही काळांचा सांधा सापडतो.

पालघरचा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्याचा इतिहास अजून ठाणे जिल्ह्याच्या दप्तरांतून वेगळा करून लिहावयाचा आहे. ते काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने हुतात्म्यांच्या पाच गावांपासून आरंभ करावा. तेथे प्रत्येक घरी १९४२ साली काय घडले एवढेच विचारून थांबू नये. १९४२ नंतर त्या घरातील स्त्रियांनी काय केले, हेही विचारावे.