विद्युतभाराचा घडा कोणत्या मातीचा?

वऱ्हाडातील जुने मोडी दस्त शंभर-दीडशे वर्षांनंतरही वाचता येतात. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याची मुलाखत मात्र पेनड्राइव्हवर साठवून कपाटात ठेवली, तर पंधरा वर्षांनी ती उघडेलच याची शाश्वती नाही. शाईच्या जागी तेथे कोंडलेले इलेक्ट्रॉन असतात. ते हळूहळू झिरपतात आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की अधिक वेगाने झिरपतात.

या कोंडवाड्याचा इतिहास १९६७ पासूनचा. बेल लॅब्जमधील डॉन कांग आणि सायमन झी यांनी ‘फ्लोटिंग गेट’ची कल्पना मांडली: चारही बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला वाहक थर. त्यांनी त्यासाठी झिर्कोनियम हा धातू घेतला होता; पुढे त्याची जागा सिलिकॉनने घेतली. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी याच पायावर फ्लॅश मेमरी उभी केली.

दोष मुळातच होता. प्रत्येक लेखन-पुसटीत इलेक्ट्रॉन पातळ ऑक्साइडमधून रेटले जातात आणि त्याला इजा होते. साठवण वाहक थरात असल्याने एका चिरेतून सगळा भार ओघळून जाऊ शकतो; एकाच मोठ्या हौदाला तडा जावा तसे.

पाणी अनेक घड्यांत का भरू नये? सिलिकॉन नायट्राइड या रोधकात भार जागच्या जागी अडकतो, त्यामुळे एका चिरेने आसपासचाच भार जातो. गंमत अशी, की हा मार्गही स्पेरी रँडच्या संशोधकांनी १९६७ मध्येच दाखवला होता. तेव्हाचा ऑक्साइड थर फारच पातळ असल्याने भार टिकेना, आणि तो मागे पडला.

१९९५ मध्ये आयबीएममध्ये संदीप तिवारी आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनचे नॅनोकण वापरून पाहिले. पवईच्या आयआयटी मुंबईत सौविक महापात्रा यांच्या गटाने प्लॅटिनमचे कण निवडले. प्लॅटिनममध्ये इलेक्ट्रॉन अधिक खोल खड्ड्यात बसतो, त्याला निसटणे अवघड जाते. कणांचा एक थर आणि दोन थर, वर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा रोधक, अशी त्यांची रचना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका अर्थी हे कांग-झी यांच्या धातूकडे परतणेच होते.

बाजाराने मात्र नायट्राइडच उचलले. सॅमसंगने २०१३ मध्ये एकावर एक २४ थर रचलेली मेमरी आणली ती त्यावरच. मात्र त्यानंतर एकेका पेशीत तीन-चार बिट कोंबण्याची चढाओढ वाढली आणि थोडी गळतीही महाग पडू लागली. आत कोणता पदार्थ आहे, पेशीत किती बिट आहेत, हे पेनड्राइव्हच्या वेष्टनावर सहसा छापलेले नसते.