बाष्पवहन व पर्जन्य प्रतिमाने : आदिलाबाद जिल्हा

एखाद्या प्रदेशावरच्या हवेत वाऱ्याबरोबर किती बाष्प येते, किती निघून जाते आणि त्यातले किती पाऊस होऊन खाली येते, याचा भौतिक नियमांनुसार संगणकावर मांडलेला हिशेब म्हणजे बाष्पवहन प्रतिमान. तेलंगणाच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेल्या आदिलाबाद जिल्ह्यासाठी हा हिशेब विशेष महत्त्वाचा आहे. येथील काळ्या जमिनीतला कापूस, सोयाबीन आणि तूर बहुतांशी पावसावरच पिकतात. पलीकडच्या यवतमाळ, नांदेड व चंद्रपूर जिल्ह्यांचे आभाळही हेच.

बाष्पाचे दोन प्रवाह येथे येऊन मिळतात. पहिला अरबी समुद्रावरून येतो. सोमालियाच्या किनाऱ्याजवळून निघणारा खालच्या थरातला झोतवारा हे बाष्प आणतो. सह्याद्रीवर त्यातले बरेच झडते आणि उरलेले मराठवाडा-विदर्भावरून पूर्वेकडे सरकते. दुसरा प्रवाह बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांचा. ही क्षेत्रे ओडिशा-छत्तीसगडमार्गे वायव्येकडे सरकतात आणि त्यांच्या नैर्ऋत्य भागात सर्वांत जोराचा पाऊस पडतो. क्षेत्र पूर्व विदर्भावर असताना आदिलाबाद नेमके त्या भागात सापडते. मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचा आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की हाच पाऊस दडी मारतो. पेरणीनंतर असा खंड पडला, की दुबार पेरणीची वेळ येते.

तिसरा वाटा जमिनीचा. माती, पिके आणि जंगल यांतून वर गेलेले बाष्प पुन्हा पाऊस होऊन पडते. आयआयटी मुंबईतील सुबिमल घोष व सहकाऱ्यांच्या अभ्यासांत हे पुनर्चक्रण मान्सूनच्या अखेरीस, जमीन ओली व झाडोरा दाट असताना, वाढलेले दिसते. जिल्ह्यातल्या उटनूर-इंद्रवेल्लीच्या सागवानी जंगलाकडे हवामानाच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे ते यामुळे.

बाष्पवहन काढताना हवेच्या प्रत्येक थरातील आर्द्रता व वारा यांचा गुणाकार करून जमिनीपासून वरपर्यंत बेरीज करतात. एकक असते दर मीटर रुंदीतून दर सेकंदाला जाणारे किलोग्रॅम. एक साधा हिशेब करून पाहावा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ऐन मान्सूनमध्ये डोक्यावरच्या सगळ्या हवेतले बाष्प पिळून काढले, तरी साधारण ६० मिलिमीटरच पाणी मिळेल. तेव्हा एका दिवसात २०० मिलिमीटर कोसळले, तर उरलेले पाणी त्याच दिवसात आजूबाजूच्या प्रदेशातून वाहून आलेले असते. म्हणून अतिवृष्टीचा अभ्यास हा मुळात बाष्प कोठून आले व कोठे एकवटले याचा अभ्यास आहे. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, ही गोष्ट या हिशेबात आता टाळता येत नाही.

बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या पावसाचा अभ्यास मांडला. त्यांनी निवडलेल्या क्षेत्रात आदिलाबादही येते. जोरदार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. दोन्हींची वजाबाकी होऊन सरासरी जवळपास जागच्या जागी राहिली. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यामागे अरबी समुद्रावरील पश्चिमी वाऱ्यांची वाढती अस्थिरता असल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे.

प्रतिमान चालवताना खरी अडचण आकाराची असते. जागतिक प्रतिमानाचा एक चौकोन साधारण १०० किलोमीटर बाजूचा, म्हणजे १०,००० चौ. किमी. २०१६ च्या विभाजनानंतरचा आदिलाबाद जिल्हा सुमारे ४,१५० चौ. किमी.चा. सातमाळा डोंगररांग, कडेम नदीचे खोरे आणि पैनगंगाकाठचे सपाट रान त्या चौकोनात एकरूप होऊन जाते. यावर उपाय म्हणजे डब्ल्यूआरएफसारखे प्रादेशिक प्रतिमान. त्याची जाळी ३-४ किलोमीटरपर्यंत बारीक केली, तर गडगडाटी ढगही थेट मांडता येतात. पडताळणीला भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनची पाव अंशाची पर्जन्यजाळी, ईआरए-५ हे पुनर्विश्लेषण आणि मंडलनिहाय स्वयंचलित केंद्रे यांचा उपयोग होतो. येथे एक बारीक खबरदारी लागते. आपल्याकडे पावसाची दैनिक नोंद सकाळी साडेआठला घेतात. प्रतिमानाचा दिवस त्याच वेळेला जुळवला नाही, तर रात्रभर पडलेला पाऊस भलत्याच तारखेला दिसतो.

जुलै २०२२ मध्ये कडेम खोऱ्याची परीक्षा झाली. बोथच्या बाजूच्या डोंगराळ भागातून कुंटाला धबधब्यावरून खाली येणारी कडेम नदी निर्मल जिल्ह्यातील धरणात इतकी फुगून आली, की आवक ५ लाख क्युसेकवर गेली. धरणाची विसर्ग-क्षमता होती ३ लाख क्युसेकच्या आसपास. पाणी धरणावरून वाहिले आणि खालची गावे रिकामी करावी लागली. जुलै २०२३ मध्ये हे धरण पुन्हा ओसंडले. त्याच महिन्यात तेलंगणातल्याच मुलुगू जिल्ह्यातील लक्ष्मीदेवीपेट येथे २४ तासांत ६४९.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

केवळ मोसमाची बेरीज बरोबर देणारे प्रतिमान आदिलाबादसाठी अपुरे आहे. पेरणीनंतरच्या खंडाची लांबी आणि कडेम खोऱ्यातला २४ तासांचा पाऊस, या दोन गोष्टींवरच त्याची पारख व्हायला हवी.