ससेपालनाचे नियम आणि वऱ्हाडातील ससा

मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे गाव १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत होते. त्या वर्षी वाशीम जिल्हा स्वतंत्र झाला. या प्रदेशात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा गावी कोणी घरात ससा पाळावयाचे ठरविले, तर जे नियम त्याच्या हाती पडतात ते या भूमीत घडलेले नसतात. ते कोठे व कोणत्या सशासाठी घडले, हे पाहिल्याखेरीज त्यांचा योग्य उपयोग होणे कठीण आहे.

प्रथम शब्दाचाच विचार केला पाहिजे. संस्कृतातील ‘शश’ आणि पंचतंत्रात सिंहाला विहिरीत लोटणारा ससा हा आपल्या माळरानावरचा रानससा होय. तो बीळ करीत नाही. गवतातील खळग्यात बसून राहतो, आणि त्याची पिले उघड्या डोळ्यांनी व अंगावर केस घेऊन जन्मतात. पाळीव सशाचे मूळ मात्र आयबेरियन द्वीपकल्प व दक्षिण फ्रान्स येथील बिळात राहणाऱ्या निराळ्या प्राण्यात आहे. त्याची पिले आंधळी व उघडी जन्मतात. मराठीत दोघांनाही ससा हेच नाव पडल्यामुळे एकाचे ज्ञान दुसऱ्यास लावण्याची चूक सहज होते. शिवाय रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो. तो धरून आणून पाळता येत नाही.

युरोपात ससा माणसाळला कसा, याविषयी बराच काळ एक आख्यायिका प्रमाण मानली जात होती. इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांच्या आज्ञेमुळे फ्रान्समधील मठवासीयांनी ससे पाळण्यास आरंभ केला, असे तीत सांगितले जाई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या कथेस आधार नसल्याचे दाखविले. ससा एका दिवशी माणसाळला नाही. शिकार, कुंपणातील साठवण, खुराड्यातील पैदास आणि अखेर घरातील लळा अशा अवस्थांतून तो आला. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात रानटी व पाळीव सशांच्या सांगाड्यांची मापे ताडून पाहिली आणि सर्व पाळीव जाती एकाच रानटी जातीपासून निघाल्या, असा निष्कर्ष काढला. आज त्याच कुळात किलोभर वजनाचा बुटका ससा आहे आणि सहा किलोंहून जड असा महाकाय ससाही आहे. दोघांस एकच माप लावणे कितपत सयुक्तिक ठरेल?

विसाव्या शतकात नियमांना आकड्यांचे रूप आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ मध्ये सशांच्या आहाराचे जे कोष्टक दिले, त्यात खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण वाढत्या पिलास शेकडा १६, केवळ निर्वाहापुरते खाणाऱ्या प्रौढास १२, गाभण मादीस १५ व पाजणाऱ्या मादीस १७ असे आहे. म्हणजे ज्या कोष्टकास लोक एक नियम समजतात, त्याच्या पोटात चार निरनिराळे नियम आहेत. आणि तेही मुख्यतः मांस व लोकर यांसाठी पाळलेल्या सशांकरिता. घरात आठ-दहा वर्षे जगणारा, वार्धक्यास पोचणारा ससा त्यांच्यासमोर नव्हता. भारतात १९६२ मध्ये अविकानगर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने सशांवर मोलाचे काम केले. तथापि त्यातील बरेच कार्य कुलू खोऱ्यातील गडसा व कोडाईकनालच्या डोंगरातील मन्नवनूर येथे झाले. ही दोन्ही स्थळे थंड हवेची आहेत, हे वऱ्हाडातील वाचकाने विसरता कामा नये.

जनावराकडे पाहून नियम बदलण्याची दृष्टी आपल्या परंपरेस अपरिचित नाही. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पालकाप्याच्या ‘हस्त्यायुर्वेदा’च्या परंपरेत हत्तींचे भद्र, मंद, मृग व मिश्र असे भेद केले आहेत. देश, काल व प्रकृती यांचा विचार करूनच औषध व आहार योजावा, हे आयुर्वेदाचे मूळ सूत्रच होय. हे शास्त्र सशासाठी रचलेले नाही. त्याची वर्गवारी नव्हे, तर पाहण्याची रीत तेवढी उपयोगी आहे.

ही रीत शेलूबाजारच्या उन्हाळ्यास लावून पाहावी. सशास घाम येत नाही. तो मुख्यतः कानांवाटे उष्णता टाकतो, आणि तिशीपुढील तापमान त्यास घातक ठरू लागते. त्याचा रानटी पूर्वज स्पेनच्या उन्हात टिकतो तो बिळाच्या आधाराने. तेव्हा पिंजरा उंचावर व हवेशीर असावा, एवढ्या उपदेशाने येथे भागत नाही. दुपारी सारवलेली थंड जमीन, वाळ्याची ओली तट्टी व भरपूर पाणी यांनी बिळाची उणीव भरून काढावी लागते. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत ओली तट्टी गुणकारी आहे. कोकणच्या दमट हवेत तिचा तितका उपयोग नाही.

चाऱ्याचेही तसेच आहे. दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे वाळलेले गवत हा प्रत्येक सशाच्या आहाराचा पाया आहे. परदेशी पुस्तकातील टिमोथी गवत येथे नसले तरी हरळी चालते. कुसळाचे गवत मात्र तोंडास इजा करते. लसूणघास वाढत्या पिलास व पाजणाऱ्या मादीस हितकर. प्रौढ सशास तिच्यातील कॅल्शियममुळे मूत्रविकार जडू शकतो. दातांचा दोष असलेल्या म्हाताऱ्या सशास गवत बारीक करून द्यावे लागते, आणि लठ्ठ सशाचा खुराक कमी करावा लागतो.

मात्र नियम बदलणे म्हणजे नियम झुगारणे नव्हे. ससा हा भक्ष्य प्राणी असल्याने आजार लपवितो. त्याने अर्धा दिवस अन्न सोडले किंवा लेंड्या थांबल्या, तर तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे, या नियमास कोणत्याही प्रकृतीचा अपवाद नाही. बाकीचे नियम कशासाठी केले गेले ते समजून घेऊन, रोजचे वजन, खाणे व लेंड्या पाहत ते समोरच्या सशास बेतावे लागतात. कोष्टक हे सरासरी सशाचे असते. घरात वाढणारा ससा सरासरीचा नसतो.